ऑल्टरनेटिव्ह रॉक: तीन पिढ्यांची आवड आणि तिकिटाचा हिशेब

या वर्षीच्या प्रजासत्ताक दिनी संध्याकाळी आमच्या बडोद्याच्या घरात तीन पिढ्या एकाच टीव्हीसमोर बसल्या होत्या. अहमदाबादच्या नरेंद्र मोदी स्टेडियमवरचा कोल्डप्लेचा कार्यक्रम डिस्ने प्लस हॉटस्टारवर थेट दाखवत होते. आदल्या दिवशीही तिथे कार्यक्रम झाला होता आणि दोन्ही दिवशी लाखाहून अधिक माणसे जमली होती. द्रुतगती मार्गाने ते स्टेडियम आमच्यापासून जेमतेम दोन तासांवर. तरी आम्ही घरी का, तर तिकीट मिळाले नाही म्हणून. १६ नोव्हेंबरला विक्री सुरू झाली तेव्हा नात आणि तिची आई दोन मोबाइल आणि एक लॅपटॉप घेऊन बसल्या होत्या. आमच्या पुढे रांगेत लाखो माणसे आहेत, असे पडदा सांगत होता. ती रांग सरकली तोवर आमच्या खिशाला परवडणारी तिकिटे संपली होती.

कार्यक्रमात एका जुन्या गाण्याला आम्ही गुणगुणू लागलो. नातीने चमकून पाहिले. "आजोबा, तुम्हाला हे कसं पाठ?" आम्ही म्हटले, "बाळ, हा अल्बम २००० साली तुझ्या आईने या घरात इतक्या वेळा वाजवला की भिंतींनाही पाठ झालाय." लेक हसली आणि म्हणाली, "आणि त्याच्या आधी यांच्या कॅसेटी होत्या, त्या मला पाठ झाल्या."

हा घरगुती प्रसंग इथे सांगण्याचे कारण असे की वर्षभर जगभरात हेच चित्र दिसले. चाळीस-पन्नाशीचे आईबाप आणि पंधरा-वीस वर्षांची मुले एकाच बँडसाठी एकाच रांगेत उभी होती. हे नुसते स्मरणरंजन आहे का? एखादी आवड तीन पिढ्या टिकते ती कशामुळे? आणि ती टिकवण्याची किंमत कोण मोजतो? आम्ही आयुष्यभर बँकेत जमाखर्च पाहिला, म्हणून हाही हिशेब मांडून पाहतो.

'पर्यायी' कशाला पर्याय?

ज्यांना या संगीताचा परिचय नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. १९८०च्या दशकात अमेरिकेत आणि ब्रिटनमध्ये मोठ्या रेकॉर्ड कंपन्या आणि व्यावसायिक रेडिओ ठरावीक साच्याची गाणी वाजवत. त्याबाहेरचे तरुण छोट्या स्वतंत्र कंपन्यांकडून रेकॉर्ड काढत आणि त्या वाजवायला पुढे येत ती कॉलेजांची रेडिओ केंद्रे. जॉर्जिया राज्यातल्या अथेन्स या विद्यापीठाच्या गावात १९८० साली सुरू झालेला आर.ई.एम. हा बँड याचे ठळक उदाहरण. ब्रिटनमध्ये द क्युअर आणि द स्मिथ्स हे बँड होते. बाजारात जे चालते त्याला हा पर्याय, म्हणून 'ऑल्टरनेटिव्ह' हे नाव.

पण पर्यायाचे कौतुक बाजाराला फार लवकर कळते. १९८८ साली बिलबोर्डने या संगीतासाठी वेगळी यादी सुरू केली. १९९१ साली ग्रॅमीमध्ये त्याचा वेगळा विभाग आला. त्याच वर्षी जेन्स ॲडिक्शन या बँडच्या पेरी फॅरेलने आपल्या बँडचा निरोपाचा दौरा म्हणून 'लोलापालूझा' नावाची फिरती जत्रा काढली. सप्टेंबर १९९१मध्ये निर्वाणाचा 'नेव्हरमाइंड' आला आणि जानेवारी १९९२मध्ये त्याने मायकेल जॅक्सनच्या 'डेंजरस'ला अमेरिकेच्या यादीत पहिल्या क्रमांकावरून खाली खेचले. पर्याय होता तोच मुख्य प्रवाह झाला. या संगीतातली ओढाताण तेव्हापासूनची आहे, आणि पुढे तिकिटाच्या प्रश्नात ती पुन्हा येणार आहे.

आमची कॅसेट

आमच्यासारख्या बडोद्यात बीकॉम झालेल्या आणि गणेशोत्सवातल्या भावगीतांवर वाढलेल्या माणसाला हे कुठून लागले? उत्तर सरळ आहे. बँकेने मुंबईला पाठवले. १९८०च्या दशकाच्या मध्याला आम्ही गिरगावात खोली घेऊन राहत होतो. शाखेतला एक सहकारी १९८६च्या सुमारास आम्हाला धोबीतलावच्या रंगभवनात घेऊन गेला. तिथे 'इंडिपेंडन्स रॉक' हा देशी बँडांचा मेळा भरे. रॉक मशीन हा मुंबईचा बँड तेव्हा गाजत होता. त्यानेच पुढे १९९३मध्ये 'इंडस क्रीड' हे नाव घेतले. आम्ही पांढरा शर्ट इस्त्री करून गेलो होतो आणि सगळे आमच्याकडे पाहत होते, एवढे आठवते. कानठळ्या बसल्या, पण पुढच्या वर्षी पुन्हा गेलो.

काळा घोड्याच्या 'ऱ्हिदम हाउस'मध्ये कॅसेट घेण्याआधी ऐकून पाहता येई. शनिवारी अर्धा दिवस बँक झाली की आम्ही तिथे. महिन्याला एक कॅसेट, त्याहून जास्त परवडत नसे. म्हणून घेतलेली कॅसेट महिनाभर ऐकावीच लागे, आवडो न आवडो. आता वाटते, या सक्तीनेच कान तयार केला. आर.ई.एम.चा १९९१चा अल्बम आम्हाला पहिल्या आठवड्यात मुळीच कळला नाही. त्यातले मेंडोलिन ऐकून सौ. म्हणाली, "हे तर आपल्याकडच्या सिनेमातल्यासारखं वाजतंय." चौथ्या आठवड्यात ती स्वयंपाक करताना तेच गुणगुणत होती. १९९२ला बदली होऊन बडोद्याला परतलो तेव्हा सामानात कॅसेटींचा एक पत्र्याचा डबा होता. 'ऱ्हिदम हाउस' २०१६ साली बंद झाले. डबा अजून आहे.

लेक १९८५ची. २००० साली लिंकिन पार्कचा 'हायब्रिड थिअरी' आला तेव्हा ती पंधरा वर्षांची होती. दार लावून मोठ्या आवाजात ऐकायची. आम्ही बाहेरून दार ठोठावून "हा काय आरडाओरडा?" असे विचारले, हे आज कबूल करायला लाज वाटते, कारण आमच्या वडिलांनी आमच्या कॅसेटींना हेच शब्द वापरले होते.

या वर्षी काय काय घडले

आता घराबाहेर पाहू.

सर्वांत मोठी घटना ओएसिसची. मँचेस्टरमध्ये १९९१ साली स्थापन झालेला हा बँड ऑगस्ट २००९मध्ये पॅरिसमध्ये गॅलाघर बंधूंच्या भांडणातून फुटला. पंधरा वर्षे भाऊ एकमेकांशी जाहीरपणे भांडत राहिले. ऑगस्ट २०२४मध्ये समेट जाहीर झाला, ४ जुलै २०२५ला कार्डिफला दौरा सुरू झाला आणि नोव्हेंबरअखेर साओ पावलोत संपला. १९९६च्या ऑगस्टमध्ये नेबवर्थला या बँडचे दोन रात्रींचे कार्यक्रम झाले होते. अडीच लाख लोक आले होते आणि तिकिटासाठी पंचवीस लाखांहून अधिक जणांनी अर्ज केले होते. त्या वेळी तिथे असलेले या वर्षी आपल्या मुलांना घेऊन आले. त्यांतल्या कितीतरी मुलांचा जन्मही बँड फुटल्यानंतरचा.

दुसरी घटना रेडिओहेडची. २०१८नंतर प्रथमच हा बँड नोव्हेंबरमध्ये माद्रिदमध्ये मंचावर आला. त्याआधी ऑगस्टमध्ये एक गंमत झाली होती. त्यांच्या १९९७च्या 'ओके कॉम्प्युटर'मधले 'लेट डाउन' हे गाणे, जे तेव्हा अशा कोणत्याही मोठ्या यादीत गाजले नव्हते, टिकटॉकवरच्या छोट्या व्हिडिओंमुळे अमेरिकेच्या पहिल्या शंभरांत शिरले. अठ्ठावीस वर्षांनी! टिकटॉक आपल्याकडे २०२० पासून बंद आहे, पण गाणे थांबत नाही. आमच्या नातीला ते रीलवरच सापडले. ते कोणाचे, कधीचे, हे तिने मागाहून शोधले.

द क्युअरने २०२४च्या नोव्हेंबरमध्ये सोळा वर्षांनी नवा अल्बम काढला आणि तो ब्रिटनमध्ये पहिल्या क्रमांकावर गेला. त्यांचा गायक रॉबर्ट स्मिथ १९५९चा, म्हणजे नेमका आमच्या वयाचा. आम्ही निवृत्त होऊन सहा वर्षे झाली.

आपल्याकडेही दार उघडले आहे. लोलापालूझा २०२३ पासून मुंबईच्या महालक्ष्मी रेसकोर्सवर भरते. पहिल्याच वर्षी द स्ट्रोक्स आले. यंदा मार्चमध्ये ग्रीन डे आले, ज्यांचा 'डूकी' १९९४चा. जानेवारी २०२६साठी लिंकिन पार्कचे नाव जाहीर झाले. त्यांचा गायक चेस्टर बेनिंग्टन २०१७ साली गेला. आता एमिली आर्मस्ट्राँग गाते. लेक आता चाळिशीची आहे. ही बातमी आली त्या दिवशी तिने ऑफिसातून फोन केला आणि काही क्षण तिला बोलताच आले नाही. आम्हीही "आरडाओरडा" हा शब्द गिळून टाकला.

आवड पुढे कशी जाते?

आमच्या मते याची चार कारणे आहेत.

पहिले कारण, जुने आता जुने राहत नाही. आमच्या काळी एखादी कॅसेट दुकानातून गेली की गेली. आज १९८३चे गाणे आणि कालचे गाणे एकाच पडद्यावर शेजारी शेजारी दिसतात. अमेरिकेत दीड वर्षाहून जुन्या संगीताचा वाटा एकूण ऐकण्यात जवळपास तीन-चतुर्थांश आहे. नातीच्या दृष्टीने रेडिओहेड 'जुना' नाही, तिला तो काल सापडला.

दुसरे कारण, हे संगीत हाताला येण्यासारखे आहे. चार कॉर्ड शिकलेला मुलगा महिन्याभरात गाणे बसवू शकतो. यातली बरीच मंडळी स्वतः तशीच शिकली. वादनातली चमक दाखवण्याला त्यांचा विरोधच होता. ऐकणारा उद्या वाजवणारा होऊ शकतो, ही सोय ज्या संगीतात असते ते पुढच्या पिढीत सहज उतरते. आपला गरबा घ्या. बडोद्याच्या मैदानात आजी, सून आणि नात एकाच वर्तुळात फिरतात. त्यांना कोणी 'परंपरा जपा' असे सांगावे लागत नाही.

तिसरे कारण गाण्यांच्या विषयात आहे. एकटेपणा, आपण कुठेच बसत नाही ही भावना, घरच्यांशी न जुळणे, हे दर पिढीला सतराव्या वर्षी नव्याने भेटते. १९९१च्या मुलाला वाटले ते २०२५च्या मुलीला वाटते.

चौथे कारण सर्वांत साधे. कोणीतरी घरात ते वाजवत राहिले पाहिजे. उपदेश न करता, 'हे ऐक, हे खरे संगीत' असे न म्हणता. आम्ही लेकीला आर.ई.एम. कधी 'शिकवले' नाही. रविवारी सकाळी स्कूटर पुसताना ते चालू असायचे, एवढेच.

इथे एक सावधगिरीही हवी. टिकलेल्या पाच-दहा बँडांकडे पाहून 'हे संगीत अमर आहे' असे म्हणणे म्हणजे बुडीत कर्जे लपवून ताळेबंद मांडण्यासारखे आहे. त्या काळातले शेकडो बँड कोणाला आठवत नाहीत. शिवाय आपल्याकडच्या तरुणांत आज रॉक हा अल्पसंख्य पंथ आहे. नातीच्या वर्गातल्या बहुतेकांच्या कानात पंजाबी गाणी, हिपहॉप किंवा कोरियन पॉप असते. तिच्या वर्गात रेडिओहेड ऐकणाऱ्या मुली दोन. पण १९८६ साली आमच्या शाखेत असे ऐकणारे तरी किती होतो? दोनच. त्या अर्थाने ते पुन्हा 'पर्यायी' झाले आहे, आणि यात आम्हाला वाईट वाटण्यासारखे काही दिसत नाही.

तिकिटाचा हिशेब

खरा काळजीचा मुद्दा हा आहे. ऐकणे जवळजवळ फुकट झाले, पण प्रत्यक्ष जाणे अवाक्याबाहेर गेले.

कोल्डप्लेच्या मुंबईच्या कार्यक्रमांची तिकिटे २,५०० पासून ३५,००० रुपयांपर्यंत होती. सप्टेंबर २०२४ला विक्री सुरू होताच ती काही वेळात संपली आणि दुसऱ्या संकेतस्थळांवर लाखांत दिसू लागली. पोलीस चौकशी झाली, सक्तवसुली संचालनालयाने छापे घातले. मुंबई उच्च न्यायालयात जनहित याचिका गेली. हा कायदेमंडळाच्या अखत्यारीतला विषय आहे, असे सांगून न्यायालयाने जानेवारीत ती फेटाळली. कार्यक्रमांच्या दिवसांत अहमदाबादची हॉटेले गगनाला भिडली, पश्चिम रेल्वेने मुंबई-अहमदाबाद विशेष गाड्या सोडल्या. २८ जानेवारीला भुवनेश्वरच्या गुंतवणूक परिषदेत पंतप्रधानांनी याच कार्यक्रमांचा दाखला देऊन 'कॉन्सर्ट अर्थव्यवस्थे'ची गोष्ट मांडली.

अर्थव्यवस्था वाढते, हे खरे. हॉटेल, टॅक्सी, ध्वनिव्यवस्था, मंडपवाला, सगळ्यांना काम मिळते. आम्ही कर्जे मंजूर केलेली माणसे आहोत, उलाढालीला नाक मुरडणार नाही. पण उलाढाल आणि पोहोच या दोन वेगळ्या नोंदी आहेत. पहिली वाढली म्हणून दुसरी वाढते असे नाही.

ब्रिटनमध्ये ३१ ऑगस्ट २०२४ला ओएसिसची तिकिटे निघाली तेव्हा तासन्‌तास रांगेत थांबलेल्यांना सुमारे १५० पौंडांचे उभ्या जागेचे तिकीट ३५० पौंडांच्या पुढे गेलेले दिसले. तिथल्या स्पर्धा व बाजार प्राधिकरणाने चौकशी केली. त्यात दोन गोष्टी पुढे आल्या. उभ्या जागेच्या तिकिटांचे दोन दर आधीच ठरलेले होते. स्वस्त संपली की महाग काढायची, पण रांगेतल्यांना हे सांगायचे नाही. आणि 'प्लॅटिनम' नावाची बैठी तिकिटे साध्या तिकिटाच्या जवळपास अडीच पट दराने विकली गेली, पण त्यात जास्तीचे काय मिळते हे स्पष्ट नव्हते. आमच्या नोकरीत व्याजदर बदलला की फलकावर लावावा लागे. ग्राहक काउंटरपाशी पोहोचल्यावर नवा दर सांगण्याची सोय आम्हाला नव्हती. या सप्टेंबरमध्ये टिकीटमास्टर कंपनीने असे वेगवेगळे दर असतील तर चोवीस तास आधी कळवण्याचे मान्य केले. नोव्हेंबरमध्ये ब्रिटिश सरकारने मूळ किमतीहून जास्त दराने तिकीट पुन्हा विकणे बेकायदा करण्याचा इरादा जाहीर केला.

पण सरकारांच्याही आधी या प्रश्नाला हात घातला तो याच संगीतातल्या माणसांनी. १९९४ साली सिॲटलचा पर्ल जॅम हा बँड लोकप्रियतेच्या शिखरावर होता. सेवाशुल्कासह तिकीट २० डॉलरच्या आसपास राहावे, एवढीच त्यांची मागणी. टिकीटमास्टर तयार होईना, म्हणून त्यांनी अमेरिकेच्या न्याय खात्याकडे तक्रार केली, संसदीय समितीपुढे साक्ष दिली आणि त्या उन्हाळ्याचा दौरा सोडून दिला. १९९५ साली खात्याने काही कारवाई न करता चौकशी बंद केली. बँड हरला. मात्र मे २०२४मध्ये त्याच न्याय खात्याने टिकीटमास्टर आणि तिच्या मालक कंपनीवर मक्तेदारीचा खटला भरला. मध्ये तीस वर्षे गेली. १९९४चे २० डॉलर म्हणजे महागाई धरून आजचे सुमारे ४३ डॉलर. त्या दरात आज मोठ्या बँडच्या कार्यक्रमात शिरणे कठीण.

आणि द क्युअरचा रॉबर्ट स्मिथ. २०२३च्या अमेरिका दौऱ्यासाठी त्याने वीस डॉलरपासून तिकिटे ठेवली, मागणीप्रमाणे दर वाढवण्यास नकार दिला. विक्री सुरू झाली तेव्हा काही ठिकाणी शुल्कच तिकिटाहून जास्त निघाले. त्याने जाहीरपणे जाब विचारला आणि कंपनीने प्रत्येक तिकिटामागे पाच ते दहा डॉलर परत केले. रक्कम लहान आहे, पण कलाकाराने ठरवले तर काहीतरी करता येते, हे सिद्ध झाले. सगळा दोष दलालांवर आणि संकेतस्थळांवर टाकणारे कलाकारही आहेत, म्हणून हे उदाहरण आम्हाला महत्त्वाचे वाटते.

आमचा निष्कर्ष असा. आईबापांकडे पैसा आहे म्हणून आज मुलांना आत प्रवेश मिळतो. ज्या मुलांच्या आईबापांकडे तो नाही, ती मुले बाहेर राहतात. गरिबांच्या, बेकारांच्या, छोट्या गावांतल्या मुलांच्या हातून जन्मलेले संगीत वारसाहक्काची मालमत्ता बनत असेल, तर तिसऱ्या पिढीनंतर त्याला नवे वाजवणारे कुठून येणार? लाखाचे स्टेडियम एका रात्रीत भरते. पण पुढचा बँड तयार होतो तो दोनशे माणसांच्या खोलीत, शंभर रुपयांच्या तिकिटावर. रंगभवनाची उघडी जागा शांतता क्षेत्राच्या नियमांमुळे संगीताला बंद झाली, तेव्हा मुंबईने एक कार्यक्रमस्थळच गमावले असे नाही, एक शाळा गमावली.

आता आपल्याबद्दल

इतका वेळ दुसऱ्यांचा हिशेब मांडला. थोडा आपलाही मांडतो, कारण हा लेख आपल्या मंडळाच्या संकेतस्थळावर आहे आणि आम्ही त्या मंडळाच्या कार्यकारिणीत अनेक वर्षे होतो.

दहा-अकरा वर्षांपूर्वी आपल्याच सभासदांची पाच मुले गणेशोत्सवात कार्यक्रम करू द्या म्हणून आली होती. दोन गिटार, ड्रम, एक पेटी. तुकोबांचा एक अभंग, एक भारूड आणि स्वतः लिहिलेले एक मराठी गाणे, असा त्यांचा बेत होता. कार्यकारिणीने नकार दिला. आवाज फार होईल, ज्येष्ठांना त्रास होईल, गणपतीसमोर ड्रम शोभत नाही. ठरावावर आमचीही सही आहे. कॅसेटींचा पत्र्याचा डबा घरी कपाटात असताना आम्ही ती सही केली. कोणी जबरदस्ती केली नव्हती. सर्वांचे एकमत होते, आणि एकमत मोडायचा आम्हाला कंटाळा आला, इतकेच.

त्या पाचांपैकी तिघे आज पुण्यात आहेत, एक कॅनडात. पाचवा बडोद्यातच आहे, पण मंडळात येत नाही. गेल्या महिन्यात बाजारात भेटला. आम्ही विचारले, "अजून वाजवतोस का रे?" तो हसून म्हणाला, "काका, ड्रम विकला. गिटार आहे, मुलगी वाजवते." आम्हाला पुढे काय बोलावे सुचले नाही.

आज मुंबईत 'अभंग रिपोस्ट'सारखे तरुण बेस गिटार आणि ड्रमवर संतांचे अभंग गातात आणि सभागृहे भरतात. आपल्याकडे तेच करू पाहणाऱ्यांना आपण परत पाठवले. आणि आता सर्वसाधारण सभेत दरवर्षी प्रश्न येतो, 'तरुण का येत नाहीत?' आमच्यापाशी त्याचे एक उत्तर आहे, आणि ते इतिवृत्तात आमच्या सहीनिशी नोंदलेले आहे.

खरे तर बडोद्याला हे कोणी शिकवायला नको. सयाजीराव महाराजांच्या आश्रयाने मौलाबक्षांची गायनशाळा १८८६ साली इथे सुरू झाली. जे ज्ञान घराण्याच्या दाराआड होते ते स्वरलेखनात उतरवून सामान्य मुलांसाठी खुले करण्याचा तो प्रयत्न होता. मौलाबक्षांचे नातू इनायत खाँ बडोद्यातच जन्मले आणि १९१० साली वीणा घेऊन अमेरिकेला गेले. १९१६ साली पंडित भातखंड्यांच्या पुढाकाराने पहिली अखिल भारतीय संगीत परिषद भरली तीही याच शहरात. परंपरा टिकावी म्हणून या गावाने त्या वेळी दारे उघडली होती. तेव्हाही 'शोभत नाही' म्हणणारे असतीलच.

म्हणून कार्यकारिणीपुढे आम्ही तीन सूचना लेखी दिल्या आहेत. एक, येत्या गणेशोत्सवात एक संध्याकाळ पूर्णपणे पंचविशीच्या आतल्यांची असावी. काय वाजवायचे ते त्यांनी ठरवावे, आवाजाची वेळ आणि मर्यादा आपण ठरवावी. दोन, मंडळाचे छोटे सभागृह महिन्यातून एक रविवार सरावासाठी नाममात्र शुल्कात मिळावे. खर्च आम्ही काढला आहे. वीज आणि सफाई धरून तो दिवाळी फराळाच्या खर्चाच्या निम्माही नाही. तीन, दर तिमाहीला एक श्रवणसभा व्हावी. प्रत्येक पिढीतल्या एकाने एक गाणे आणावे, सर्वांनी ते पूर्ण ऐकावे, मध्ये मोबाइल नाही आणि मध्ये 'आमच्या वेळी' नाही. दुसरी अट आम्हाला जास्त जड जाईल, याची जाणीव आहे.

यातून उद्याचा रेडिओहेड बडोद्यात निपजेल असा आमचा दावा नाही. मराठी मुले मंडळात परत येतील, याचीही हमी देता येत नाही. ठेवीवर व्याज मिळते, माणसांवर मिळेलच असे नाही. पण दार बंद ठेवले तर काय होते, ते आम्ही दहा वर्षे पाहिले आहे.

श्रवणसभेला मान्यता मिळाली तर पहिल्या खेपेला पत्र्याचा डबा घेऊन आम्ही येऊ. टेपरेकॉर्डरचा पट्टा गेला आहे, तो दांडिया बाजारात दुरुस्तीला टाकला आहे. बाजारात भेटलेल्या त्या मुलालाही आम्ही स्वतः घरी जाऊन निमंत्रण देणार आहोत. गिटार वाजवणाऱ्या त्याच्या मुलीला आणायला सांगू. आला तर त्याची क्षमा मागू. नाही आला तर पुन्हा जाऊ.

वाचकांपैकी कोणाकडे जुन्या कॅसेटी किंवा न विकलेला ड्रम असेल, तर कार्यालयात जरूर कळवावे.